घराघरातली रजनी : प्रिया तेंडुलकर

मद्रास शहरात रजनी हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच मूर्ती उभी राहते आणि ती पुरुषाची असते. शिवाजीराव गायकवाड हे अस्सल मराठी नाव घेऊन जन्मलेल्या, बंगळूरला बसची तिकिटे फाडणाऱ्या त्या गृहस्थांनी इकडे येऊन केवढे साम्राज्य उभारले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. त्यामुळे १९८५ साली गिंडीच्या आमच्या सरकारी वसाहतीत जेव्हा अशी वार्ता पसरली की रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रजनी' नावाची मालिका लागणार आहे, तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातल्या मामी आपल्या दोन नातवंडांसह वेळेच्या बऱ्याच आधी आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसल्या. पडद्यावर साडी नेसलेली एक तरुण गृहिणी अवतरली, ती कोणाशी तरी तोंड लावून भांडू लागली आणि नातवंडांचा विलक्षण हिरमोड झाला. मामी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

ती गृहिणी म्हणजे प्रिया तेंडुलकर. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या दिवंगत मराठी कलावंताचा जीवनपट लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा त्यांच्या मनात बहुधा संगीत रंगभूमीवरचे एखादे थोर नाव असावे. आम्ही हे नाव निवडले याला कारण आहे. आम्ही केंद्र सरकारचे नोकर. आमचे वडीलही केंद्र सरकारचेच नोकर होते. आणि या बाईंनी पडद्यावर ज्यांच्याशी उभा दावा मांडला ती खिडकीपलीकडची माणसे म्हणजे, थोडक्यात, आमचेच घराणे. बाईंच्या निधनाला आता दोन तपे होत आली. त्यांचे थोडेसे देणे आमच्याकडे राहून गेले आहे.

प्रियाताईंचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ रोजी मुंबईत झाला. वडील विजय तेंडुलकर. या एका नावाने पुढचे पुष्कळसे सांगून होते. 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' या नाटकांनी ज्या काळात महाराष्ट्र ढवळून निघाला, त्याच काळात ही मुलगी लहानाची मोठी होत होती. 'सखाराम' आणि 'घाशीराम' दोन्ही १९७२ सालची. म्हणजे मुलगी तेव्हा अठरा वर्षांच्या आसपास. बापाच्या लेखनावर सभा होत आहेत, निषेध होत आहेत, परिनिरीक्षण मंडळाशी झगडा चालला आहे, आणि बाप विलेपार्ल्याच्या घरात बसून पुढचे पान लिहितो आहे, हे दृश्य ज्या मुलांनी पाहिले त्यांना लोकांच्या रागाचे फारसे भय उरत नसावे, असा आमचा तर्क आहे. भावंडांपैकी राजू हे पुढे चलच्चित्रणकार झाले, बहीण सुषमा याही अभिनयाच्या वाटेने गेल्या. घरात नाटकाचे बोलणे भाजीभाकरीच्या बोलण्याइतकेच नित्याचे होते.

रंगभूमीवर प्रियाताईंचे पाऊल पडले ते गिरीश कार्नाडांच्या 'हयवदन'मध्ये. भूमिका बाहुलीची. ज्यांनी ते नाटक पाहिले असेल त्यांना स्मरेल की त्यातल्या दोन बाहुल्या घरात जे जे घडते ते टक लावून पाहतात आणि आपसात त्यावर टीका करतात. घरच्या माणसांना त्यांचे बोलणे ऐकू जात नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

नाटककाराची मुलगी म्हणून नाट्यचित्रपटसृष्टीने तिच्यासाठी पायघड्या घातल्या असतील असे कोणाला वाटेल. परंतु मध्यमवर्गीय मराठी घरातल्या मुलीने जे करायचे तेच हिने केले. म्हणजे नोकरी धरली. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका, विमानात हवाईसुंदरी, अधूनमधून जाहिरातींसाठी छायाचित्रे, काही काळ वृत्तनिवेदन, असा तो प्रवास आहे. या सगळ्या नोकऱ्यांत एक साम्य दिसते. सर्व ठिकाणी चेहरा प्रसन्न ठेवून दुसऱ्याची तक्रार ऐकून घ्यायची असते. ज्या बाईने पुढे सबंध देशाला तक्रार करायला शिकवले, तिने उमेदवारी केली होती ती तक्रारी गिळण्याची, ही मौजेचीच गोष्ट म्हणायची. हॉटेलातल्या त्या दिवसांवर त्यांनी पुढे 'पंचतारांकित' हे पुस्तक लिहिले.

चित्रपटात त्या प्रथम ठळकपणे दिसल्या त्या श्याम बेनेगल यांच्या १९७४ सालच्या 'अंकुर'मध्ये. हा चित्रपट शबाना आझमींच्या पदार्पणाचा म्हणून इतिहासात गेला, आणि ते यथार्थच आहे. पण त्यात जमीनदाराच्या मुलाची कोवळी बायको सरू मळ्यावर राहायला येते, घरातल्या मोलकरणीकडे एकदा पाहते, आणि काय ते ओळखून जाते. ती सरू म्हणजे प्रियाताई. जमीनदाराचा मुलगा झाले होते अनंत नाग. दक्षिणेतल्या वाचकांना सांगितले पाहिजे की पुढे अनंत नागांचे धाकटे बंधू शंकर नाग यांनी आपला पहिला कन्नड चित्रपट 'मिंचिन ओट' १९८० साली दिग्दर्शित केला, तेव्हा त्यातही प्रियाताईंची भूमिका होती. शंकर नाग म्हणजे ज्यांनी आर. के. नारायण यांच्या मालगुडीला दूरदर्शनवर आणले तेच. मराठी रंगभूमीवर तयार झालेले हे दोघे बंधू कर्नाटकात जाऊन मोठे झाले. त्यांच्यामुळे मुंबईची ही मुलगी कन्नड पडद्यावर आली.

त्यानंतर 'गोंधळात गोंधळ', 'थोरली जाऊ', 'माहेरची माणसं' असे मराठी चित्रपट झाले. गुजराती चित्रपटही झाले. आम्ही त्यांतले काही पुढे चित्रफितींवर पाहिले. खरे सांगायचे तर त्यांत त्यांच्या हाती फारसे काही दिले गेलेले नाही. चेहरा देखणा, बोलणे स्वच्छ, आणि कथेला हवी तेवढीच जागा. असे आणखी दहा वर्षे चालले असते तर त्यांचे नाव आज तेंडुलकरांची कन्या एवढ्याच ओळखीने उरले असते.

तेवढ्यात दूरदर्शनचे युग आले. १९८२ साली दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी आशियाई खेळांच्या निमित्ताने पडद्यावर रंग आले. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाच्या गृहस्थांनी कौटुंबिक कथामालिकांतून साक्षरता आणि कुटुंबनियोजन लोकांच्या गळी उतरवण्याचा प्रयोग केला होता; तो पाहून ही कल्पना आपल्याकडे आली. अमेरिकेत अशा मालिकांचा खर्च मुळात साबणाचे कारखानदार सोसत, म्हणून त्यांना तिकडे साबणाचे नाव चिकटले. आपल्याकडे साबण मागून आला, उपदेश आधी आला.

आम्ही तेव्हा शाळेत होतो. वडिलांची बदली होऊन आम्ही गिंडीला आलो होतो त्याला वर्षही झाले नव्हते. रेल्वेचे रूळ ओलांडले की एकीकडे कारखान्यांची वसाहत, दुसरीकडे राजभवनाचे रान. त्या रानातली हरणे संध्याकाळी कुंपणाशी आलेली दिसत. घरात सॉलिडेअरचा कृष्णधवल संच होता, तोही हप्त्यांवर घेतलेला. गच्चीवरची सळई वाऱ्याने फिरली की आम्हांला वर पाठवण्यात येई आणि खालून मातोश्री ओरडून दिशा सांगत. हिंदी मालिकांविषयी त्या काळी या शहरात काय भावना होती हे येथे दीर्घकाळ राहिलेल्यांना ठाऊक आहे. १९६५ सालच्या आंदोलनाला तेव्हा वीसच वर्षे झाली होती. मामींचे यजमान हिंदीच्या नावानेही संतापत. पण मामी रविवारी यायच्या. मातोश्रींची हिंदी मुंबईच्या भाजीबाजारातली आणि तमिळ त्याहून बेतास बात. पडद्यावर रजनी बोले, मातोश्री त्यातले निम्मे समजून घेत, त्यातले निम्मे हातवाऱ्यांनी मामींना सांगत. तरी मामींना सगळे कळत असे. गॅसचा सिलिंडर वेळेवर येत नाही, ही गोष्ट समजायला भाषा लागत नाही.

'रजनी'चे दिग्दर्शक बासू चॅटर्जी. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'बातों बातों में' या चित्रपटांतून बसच्या रांगेतली, लोकलमधली, दोन खोल्यांतली मुंबई त्यांनी जशी दाखवली तशी क्वचितच कोणी दाखवली असेल. त्यांची नायिका रजनी ही नोकरी करणारी पुढारी बाई नव्हे. नवरा, मूल, स्वयंपाक सांभाळणारी गृहिणी. दर भागात तिच्यापुढे एक साधी अडचण येई. टॅक्सीवाला नकार देतो. गॅसवाला टोलवतो. शाळेत पैसे मागतात. चारचौघे अशा प्रसंगी कपाळाला हात लावून गप्प बसतात. ही मात्र पदर खोचून निघते आणि काम होईपर्यंत जागची हलत नाही. आवाज चढवते, पण तोल जाऊ देत नाही. नियम माहीत करून घेते, मग भांडते.

ही बाई कोणाच्या कल्पनेतून अचानक आकाशातून पडली नव्हती. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, थाळ्या वाजवल्या होत्या. पाठोपाठ महाराष्ट्रात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली. आमच्या मद्रासमध्येही १९८५ सालीच कॅग नावाची नागरिकांची व ग्राहकांची संस्था निघाली. म्हणजे रजनी चाळीत, रेशनच्या रांगेत आधीपासून होतीच. तिला चेहरा नव्हता, तो प्रियाताईंनी दिला. आणि तो देताना त्यांनी एक मोठी गोष्ट केली असे आम्हांला वाटते. त्या नटल्या नाहीत. हिंदी बोलताना मराठीपणाचा जो किंचित ठाशीवपणा येतो, वाक्य मध्येच तोडून सरळ मुद्द्यावर येण्याची जी आपल्या बायकांची रीत आहे, ती त्यांच्या वावरण्यात होती. परप्रांतात आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांना ती ओळखू येई.

मालिकेचा परिणाम असा झाला की ज्यांच्यावर ती रोखलेली होती ते चिडले. टॅक्सीचालकांनी जाहीर निषेध केला, गॅसच्या वितरकांनी नाराजी दर्शवली. मालिकेवर राग काढायला लोक यावेत यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र ते कोणते? आणि दुसरीकडे सामान्य माणसे प्रियाताईंकडे आपापली गाऱ्हाणी घेऊन येऊ लागली. वर्तमानपत्रांतून रजनी हे विशेषनामाचे सामान्यनाम झाले. कोठे एखाद्या बाईने अन्यायाविरुद्ध आवाज उठवला की तिला अमक्या गावची रजनी म्हणू लागले.

या ठिकाणी घरची एक हकीकत सांगतो. बदली झाली तेव्हा मातोश्रींनी जुन्या गावी गॅसचा सिलिंडर जमा करून बदलीचे कागद घेतले होते. मद्रासला आल्यावर ते कागद एका वितरकाकडे दिले. त्याने उद्या या म्हणून सांगितले. ते उद्या तीन महिने चालले. तोपर्यंत घरात रॉकेलचा स्टोव्ह, त्याच्या पिना, त्याचा वास. वडिलांचे म्हणणे असे की कागद योग्य ठिकाणी गेले आहेत, यथावकाश काम होईल. एका सोमवारी मातोश्री मामींना बरोबर घेऊन त्या दुकानात गेल्या. मामींना कागदातले काही कळत नव्हते आणि मातोश्रींना भाषेतले. पण दोघी तेथल्या बाकावर बसल्या त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत. मामींनी डब्यातून दहीभात नेला होता. दुपारी सिलिंडर घरी आला. वडील कचेरीतून आले, त्यांनी शेगडीवरचा चहा प्यायला आणि एक शब्दही बोलले नाहीत.

ते का बोलले नाहीत हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. वडील ज्या कचेरीत होते तेथेही लोक बाकावर येऊन बसत. वडील लाच घेणारे नव्हते, आळशी नव्हते; नियम पाळणारे होते आणि नियमात घाई नावाचे कलम नव्हते. रविवारी मालिका लागली की ते वर्तमानपत्र उघडून बसत, पण पान उलटत नसत. त्या काळी मालिकेवर आमचा, आणि आमच्या आजच्या अनुभवावरून थोडासा आताही, एक आक्षेप आहे तो नोंदवून ठेवतो. अर्ध्या तासात ज्याचे हृदयपरिवर्तन होते असा कर्मचारी आम्ही सबंध नोकरीत पाहिलेला नाही. फायली कोणाच्या दुष्टपणामुळे अडतात त्यापेक्षा कोणाला तिची आठवण नसल्यामुळे अडतात. बासूदांच्या मालिकेत खलनायक समोर उभा असतो, आमच्या कचेरीत तो सापडत नाही. तथापि हेही कबूल केले पाहिजे की आम्ही स्वतः नोकरीला लागल्यावर एकदा एक वृद्ध बाई आमच्या मेजासमोर निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी चौथ्या खेपेला उभ्या होत्या आणि आम्ही त्यांना पुढच्या आठवड्यात यायला सांगत होतो. सांगता सांगता आमच्या लक्षात आले की हे वाक्य आम्ही कोठेतरी ऐकले आहे. कोठे, ते वाचक जाणतात. कागद आमच्याच खणात होता.

१९८६ च्या डिसेंबरात संसदेने ग्राहक संरक्षण कायदा संमत केला. आता त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. कायद्याचे श्रेय मालिकेला देणे हा अतिरेक होईल. त्यासाठी चळवळीतल्या माणसांनी वर्षानुवर्षे झिजवलेली पायताणे आहेत. पण कायदा आला तेव्हा ग्राहक म्हणजे कोण हे लोकांना समजावून सांगावे लागले नाही, एवढे खरे.

मालिका संपली; रजनी संपली नाही, आणि प्रियाताईंच्या आयुष्यातला खरा पेच येथून सुरू होतो. नटाला एखादी भूमिका यश देते, पण ती कित्येकदा त्याला गिळून टाकते. रामायणातल्या मंडळींचे पुढे काय झाले ते आपण पाहिलेच. प्रियाताईंच्या बाबतीत अडचण आणखी अवघड होती. देवाची भूमिका करणाऱ्याला लोक नमस्कार करून सोडून देतात. भांडणाऱ्या बाईची भूमिका करणारीकडून लोक भांडण्याची अपेक्षा धरतात. बाजारात, प्रवासात, समारंभात ही बाई थकलेली असू शकते, तिला गप्प राहावेसे वाटू शकते, हे कोणाच्या ध्यानी येईना. 'रजनी'त पतीची भूमिका करणारे आणि मालिकेच्या लेखनातही सहभागी असलेले करण राजदान यांच्याशी त्यांचा १९८८ साली विवाह झाला; १९९५ साली ते दोघे विभक्त झाले. त्याविषयी आम्ही अधिक लिहिणार नाही. पडद्यावरच्या रजनीला प्रत्येक भागाच्या शेवटी न्याय मिळत असे, एवढेच येथे आठवते.

वडिलांनी लिहिलेल्या 'स्वयंसिद्धा' या मालिकेत त्यांनी प्रमुख भूमिका केली. तेंडुलकरांची नाटके पुरुषी क्रौर्याची चिरफाड करणारी. त्यांनी मुलीसाठी लिहिताना हे शीर्षक योजावे यात आम्हांला बापाचे मन दिसते. याखेरीज 'मोहरा', 'त्रिमूर्ती', 'गुप्त' असे मोठ्या खर्चाचे हिंदी चित्रपट त्यांनी केले. 'गुप्त'मध्ये त्या नायकाची आई होत्या. वय तेव्हा पुरते त्रेचाळीसही नव्हते. हिंदी चित्रपटात स्त्रीचे वय असेच मोजतात.

पण या बाईंचे एक दुसरे आयुष्य होते, आणि आमच्या मते ते त्यांना अधिक जवळचे असावे. त्या कथा लिहीत. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला' हे त्यांचे कथासंग्रह आपल्या मंडळाच्या कपाटात होते. पैकी पहिला अजून आहे, दुसरा कोणी नेला तो परत आलेला नाही. (नेणाऱ्याने हा लेख वाचला असल्यास सूचना समजावी.) रजनीची चाहती म्हणून जो वाचक या पुस्तकांकडे वळेल तो चक्रावेल. येथे घोषणा नाहीत, विजय नाहीत. शीर्षकेच पाहा ना! जी बाई पडद्यावर सर्वांचे प्रश्न आपले मानून निघते, ती लेखणी हाती धरल्यावर प्रत्येकाचा प्रश्न त्याचा त्याचा असतो असे नाव देते. दोन्ही गोष्टी एकाच बाईला खऱ्या वाटत होत्या असे आम्ही मानतो. तेंडुलकरांच्या मुलीने लेखणी धरायची म्हणजे वटवृक्षाखाली रोप लावणे. तरीही त्यांनी ते लावले आणि जगवले. टीकाकारांनी त्यांच्या कथांकडे नटीचे लेखन म्हणून पाहिले नसते तर आज त्यांची जागा निराळी असती, असे हा संग्रह पुन्हा चाळताना आमचे मत झाले.

१९९२ साली झी वाहिनी आली आणि दूरदर्शनची मक्तेदारी संपली. प्रियाताईंनी या नव्या व्यासपीठावर 'प्रिया तेंडुलकर शो' हा चर्चेचा कार्यक्रम चालवला. समोर सामान्य माणसे बसत, एखादा सामाजिक प्रश्न घेतला जाई, आणि प्रियाताई ध्वनिक्षेपक हाती घेऊन त्यांच्यामध्ये फिरत. आज रोज रात्री पडद्यावर जो कलकलाट चालतो तो पाहताना त्या कार्यक्रमाची आठवण होते. त्यानंतरच्या त्यांच्या कार्यक्रमाचे नाव 'जिम्मेदार कौन' होते. रजनीला आता लेखक लागत नव्हता. तिचे प्रश्न प्रियाताई स्वतःच्या नावाने विचारत होत्या. आमच्या दृष्टीने त्या पेचातून त्यांनी काढलेली ही वाट होती.

आणि मग १९९५ साली 'हम पाँच' आली. आपल्या अशोक सराफांना पाच मुली, त्यांच्या करामतींनी जेरीस आलेला बाप, दुसरी बायको, आणि भिंतीवर पहिल्या बायकोची तसबीर. ती तसबीर बोलते. नवऱ्याला टोमणे मारते, मुलींची बाजू घेते, घरात चालले आहे ते सगळे पाहते, आणि चौकटीबाहेर येऊ शकत नाही. ती तसबिरीतली दिवंगत पत्नी प्रियाताईंनी रंगवली. पाच मुलींपैकी एक काही काळ विद्या बालन होत्या. आमच्या मामींना विशेष अभिमान, कारण मुलगी चेंबूरची असली तरी घरची तमिळ. सारा देश या मालिकेवर पोट धरून हसला, आम्हीही हसलो. पण 'हयवदन'मधल्या बाहुलीचे आम्ही वर सांगितले ते येथे आठवावे. आरंभी बाहुली, पुढे तसबीर. मधल्या काळात तेवढी ती बाई रस्त्यावर उतरून मोकळ्या आवाजात बोलली आणि ते सर्वांना ऐकू गेले.

'हम पाँच' निर्माण करणाऱ्या संस्थेनेच पुढे २००० सालापासून सासूसुनांच्या मालिकांची लाट आणली. त्या मालिकांतल्या बायका भरजरी साड्या नेसून घरातच कट रचतात. गॅसचा सिलिंडर त्यांच्या घरी कोण आणतो हे कधी कळत नाही. हा काळाचा महिमा म्हणायचा. मातोश्री त्या मालिकाही पाहत, पण मामींना त्या समजावून सांगण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

शेवटची वर्षे कठीण गेली. स्तनांच्या कर्करोगाने त्यांना गाठले होते आणि उपचार दीर्घकाळ चालले. त्यातच २००१ साली तेंडुलकरांच्या घरावर एकामागून एक आघात झाले. मातोश्री निर्मलाबाई गेल्या, भाऊ राजू गेले. १९ सप्टेंबर २००२ रोजी प्रभादेवीच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने प्रियाताईंचे निधन झाले. अठ्ठेचाळीसावे वर्ष पूर्ण व्हायला एक महिना होता. वडील विजय तेंडुलकर यांना त्यानंतर आणखी पावणेसहा वर्षे जगायचे होते.

ते दिवस गणेशोत्सवाचे होते. मुंबईत विसर्जनाची तयारी चालली होती, येथे आपल्या मंडळाची आरती रोज संध्याकाळी होत होती. आम्ही तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होतो. वडील निवृत्त होऊन गिंडीजवळच भाड्याच्या घरात मातोश्रींसह राहत होते. बातमी त्यांना आमच्याकडून कळली नाही, मराठी वर्तमानपत्रातूनही कळली नाही. ते टपालाने दोन दिवसांनी येई. मामी तोवर वसाहत सोडून मुलाकडे तांबरमला गेल्या होत्या. त्यांनी सकाळीच फोन केला. मातोश्रींची तमिळ एव्हाना बरी झाली होती, तरी पहिल्यांदा त्यांना कळेना की मामी रडत का आहेत. मामींनी नाव सांगितले नाही, त्यांना ते बहुधा ठाऊकही नव्हते. त्यांनी एवढेच सांगितले की रविवारी तुमच्या घरी येणारी ती तुमची मुलगी गेली.

वडील शेजारीच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले आणि मातोश्रींना विचारले की गॅसच्या दुकानात त्या दिवशी तुम्ही दोघी किती वेळ बसला होता. सतरा वर्षांत त्यांनी ही गोष्ट प्रथमच विचारली.